चाळीस क्रेट आणि सात माणसं

"लोड काय असतो तुमचा?" कोल्हापूरला जुन्या गाड्यांच्या पटांगणात उभे होतो आम्ही, ऑक्टोबरातलं बारा वाजताचं ऊन, पत्र्यांवरून थेट डोळ्यात येणारी तिरीप, आणि डीलरनं असं विचारल्यावर नवरा एका दमात म्हणाला, "चाळीस क्रेट आणि सात माणसं." डीलरनं लगेच मोबाईल काढला. क्रेट वीस किलोचे, म्हणजे ८००. माणसं सात, बायकाच ना, धरा पंचावन्नच्या, ३८५. "१,१८५. सिंगल केबिनला काहीच नाही साहेब, आरामात नेईल. कॅम्परला जरा जास्त होतंय." त्याचं काही चुकलं नव्हतं, गाडी घेणाऱ्याला हेच विचारायचं असतं आणि हिशोबही असाच करायचा असतो. पण अणुस्कुरा घाट उतरून पाचलला चहाला थांबलो तरी तो आकडा माझ्या डोक्यातून जाईना. क्रेटचे किलो आणि माणसांचे किलो एकाच बेरजेत, आणि त्या सातजणींना मी नावानं ओळखते, त्यांच्यातल्या तिघींची मुलं माझ्या वर्गात शिकून गेलीत.

दोन गाड्या बघून ठेवल्या होत्या. दोन्ही बोलेरोच, दोन्ही डिझेल, बजेट साडेसहाच्या आसपास. एक पांढरी सिंगल केबिन पिकअप, फोर व्हील, लांब हौदा, मेन गिअरच्या बाजूला दुसरा आखूड दांडा. दुसरी कॅम्पर, म्हणजे डबल केबिन, मागं दोन दारं, मागचं सीट सलग, त्याचं रेक्झिन एका कडेला उसवलेलं, हौदा बराच आखूड आणि टू व्हील. डबल केबिन आणि फोर व्हील दोन्ही एकात मिळतं, कंपनी बनवते, पण जुन्या बाजारात तशी गाडी आमच्या बजेटात दिसली नाही आणि नवी घेण्याची ऐपत यंदा नव्हती, २०२५ चा मोसम कसा गेला ते कोकणातल्या कुणालाही विचारा. म्हणजे एक तर जादा दोन चाकांची ओढ घ्यायची नाही तर जादा तीन माणसांची जागा घ्यायची. नवऱ्यानं पांढऱ्या गाडीचा तो आखूड दांडा चार वेळा पुढेमागे करून बघितला. मी कॅम्परच्या मागच्या सीटवर जाऊन बसले, दार ओढून घेतलं, काच खाली केली. आत तापलेल्या रेक्झिनचा आणि कुणाच्या तरी जुन्या कांद्याचा वास होता.

आमची बाग सड्यावर आहे, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर. खालच्या वाडीपासून चार किलोमीटर, त्यातला शेवटचा तुकडा घाटीचा, एकदम उभा, दोन्ही अंगांना जांभ्याचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, मधे लाल माती आणि तिच्यातून वर आलेले दगड. आंबे उतरवायला नेपाळी पोरं असतात, ती ऑक्टोबरला येतात ती मेअखेरपर्यंत बागेतच राहतात. झेला, म्हणजे आंबा उतरवायची काठीची जाळी, घेऊन झाडावर ती जातात. खाली वेचायला, देठ बघून ठेवायला, डागी बाजूला काढायला, क्रेट भरायला या सातजणी. चौदा आणे तयार झालेला आंबा कुठला आणि बाराच आणे कुठला हे त्या हातात घेताच सांगतात, मला एकवीस वर्षांत ते नीटसं जमलेलं नाही. सकाळी सहाला त्या वाडीच्या पारावर येऊन उभ्या राहतात, भाड्याची पिकअप येते, मागचा फाळका पडतो, एकमेकींना हात देत चढतात आणि रिकामे क्रेट उलटे घालून त्यावर बसतात. रिकाम्या पिकअपचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, काय असतात हे मागं बसल्याशिवाय कळत नाही, टनभर वजनासाठी बनवलेले ते पाटे, सात बायकांनी ते वाकत नाहीत, प्रत्येक खड्ड्याला माणूस क्रेटवरून वर उडतं. संध्याकाळी भरलेल्या क्रेटच्या फटीत, एक हात दोरीला, एक हात डबा ठेवलेल्या पिशवीवर. मालाच्या गाडीच्या हौद्यात माणसं बसवायची नाहीत हा कायदा आहे, उद्या काही झालं तर विमा कंपनी हौद्यातल्या माणसाचे पैसे देईलच असं नाही, हे मला माहीत आहे, नवऱ्यालाही माहीत आहे. सगळं कोकण असंच कामाला जातं म्हणून आम्हीही तसंच चालू ठेवलं.

मी पुढं बसते. सुट्टीच्या दिवशी, मे महिन्यात रोज, ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर हिशोबाची वही.

२२ मे ला गुरुवार होता. पाऊस दोन दिवस आधीपासूनच लागलेला, पूर्वमोसमी म्हणत होते पण तो पडत होता आषाढासारखा. मान्सून तर पुढं तीनच दिवसांत, २५ मे ला कोकणात आलाच, दुसऱ्या दिवशी मुंबईत, आणि तिथं नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणाले. आमचा शेवटचा तोडा झाडावर होता. जे मिळेल ते काढायचं आणि कॅनिंगला, म्हणजे रसाच्या कारखान्याला घालायचं, किलोवर, डझनाचा भाव गेलाच होता. पिकअप रिकामी घाटीला लागली आणि निम्म्यावर मागचं डावं चाक जागेवरच फिरायला लागलं. लाल चिखल उडून मागच्या गडग्यावर फासला गेला, क्लचचा जळका वास आला. सगळ्याजणी उतरल्या, मीही उतरले, छत्री उघडली. दगड घातले, चाकाखाली गवताच्या पेंढ्या घातल्या, पाचजणींनी मागून जोर लावला, गाडी हातभर वर आणि परत खाली. मग ड्रायव्हरनं मान बाहेर काढून ओरडून सांगितलं, "नुसतं ढकलू नका, मागं वजन पाहिजे! तिघी हौद्यात चढा, बरोबर चाकाच्या वर उभ्या राहा!" आणि त्या चढल्या. आक्का सगळ्यात आधी, साठीच्या आहेत त्या, पदर खोचलेला, केसांतून पाणी गळतंय, दोन्ही हातांनी केबिनच्या मागचा बार धरून उभ्या. ड्रायव्हर म्हणाला, "जरा नाचा जागेवर," आणि त्या तिघी पावसात त्या पत्र्यावर जागच्या जागी वर-खाली करायला लागल्या, चौघी मागून ढकलत होत्या, आणि चाकानं एकदम पकड घेतली. गाडी वर गेली. वर सगळ्या हसत होत्या, आक्काही हसत होत्या, ढकलणाऱ्या चौघींच्या तोंडावर लाल शिंतोडे. मी छत्री घेऊन चालत वर गेले.

परत येताना हौद्यात २६ क्रेट होते आणि त्यांच्यावर निळी ताडपत्री, चारी बाजूंनी नीट खोचलेली. पाणी लागलं की आंबा काळा पडतो, कॅनिंगवाला परत पाठवतो. बायका ताडपत्रीच्या बाहेर बसल्या होत्या.

त्या दिवसानंतर घरात स्वतःची गाडी घ्यायचं पक्कं झालं आणि नवऱ्याच्या डोक्यात एकच शब्द, फोर व्हील. त्याला मी दोष देत नाही. घाटीत गाडी अडकली की त्याच्या पोटात गोळा येतो, झाडावरचा आंबा थांबत नाही, संध्याकाळपर्यंत कॅनिंगला पोचला नाही तर रात्रीत निम्मा पिकून बसतो. राजापूरच्या आमच्या मेकॅनिकला विचारायला गेलो, तो बॉनेटमधून डोकं वर न काढता समजावत होता आणि मला आवडलं त्याचं सांगणं. म्हणाला, वैनी, रिकामी पिकअप म्हणजे सगळं वजन पुढं, इंजिनावर, आणि ओढायचं काम मागच्या चाकांनी, मग ती चिखलात फिरणारच, त्यात एक चाक सुटलं की सगळी ताकद त्या सुटलेल्या चाकालाच जाते. फोर व्हील टाकलं की पुढची चाकंपण ओढतात, आणि लो मधे टाकलं की गाडी मुंगीसारखी चालते पण चढते, उतरताना इंजिनच तिला धरून ठेवतं. मग स्वतःच पुढं म्हणाला, पण कोरड्या डांबरावर टाकायचं नाही हां, वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर जात नाहीत, टायर खातात, मधले जॉइंट जातात. आणि फोर व्हील आहे म्हणून पावसात जोरात जाल तर ते नाही, ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. नवऱ्यानं विचारलं, "मग आम्हाला वर्षातनं किती दिवस लागेल?" मेकॅनिकनं आता डोकं वर काढलं, हात फडक्याला पुसले. "तुमच्या घाटीला? पावसात वर जाता का रोज?" पावसात रोज नाही जात. खतं घालायला जूनच्या सुरुवातीला, बेणणीला, म्हणजे रान काढायला, ऑगस्टात दोनतीन खेपा, आणि एखाद्या वर्षी असा मे. आम्ही बोटं मोजली. आठ दिवस, फार तर दहा.

आणि त्या सातजणी गाडीत बसतात ते दिवस? फेब्रुवारी अखेर ते मे, शिवाय मोहोराच्या आधीची साफसफाई, काजूचे दिवस. शंभराच्या वर. हे मी तिथं बोलले नाही, परत येताना गाडीत बोलले. नवरा म्हणाला, "शंभर दिवस त्यांचं काही अडतंय का? दहा दिवस आपलं सगळं अडतं." हे खरं होतं आणि मला त्याला उत्तर देता आलं नाही.

देता येणं अवघडच होतं मला, कारण फोर व्हील काय असतं ते मी लहानपणी बघितलंय. माझं माहेर भुदरगडातलं, गारगोटीपासून ११ किलोमीटर आत, आणि काकांकडे एक जुनी जीप होती, हिरवी, कापडी टपाची, गिअरच्या शेजारी दोन छोटे दांडे असलेली. एक पुढची चाकं जोडायचा आणि एक लो चा. त्यांना हात लावायचा नाही अशी आम्हा पोरांना ताकीद, आणि म्हणूनच मला ते दांडे अजून दिसतात, गोट्या गुळगुळीत झालेल्या, काकांच्या तळहाताचा घाम लागून काळ्या पडलेल्या. १९८९ च्या जुलैत, मी नऊ वर्षांची, रात्री आजीच्या छातीत दुखायला लागलं. ओढ्याच्या पलीकडचा रस्ता नुसता राड झालेला, बैलगाड्यासुद्धा बंद होत्या. काकांनी दोन्ही दांडे ओढले, इंजिनाचा आवाज एकदम जाड आणि हळू झाला, आणि ती जीप त्या चिखलातून माणसाच्या चालीनं, पण एकदाही न थांबता बाहेर निघाली. आजी वाचली, पुढं अकरा वर्षं जगली. त्या रात्रीमुळं फोर व्हीलला कुणी चैन म्हटलं तर मला राग येतो.

पण त्याच रात्रीचं दुसरंही आठवतं. पुढं दोनच सीटं, एकावर काका, दुसऱ्यावर कंदील आणि पैशाची पिशवी घेऊन वडील. आजी मागं, पत्र्यावर पोती टाकून त्यावर गोधडी, आणि तिचं डोकं माझ्या आईच्या मांडीवर. मला का घेतलं होतं माहीत नाही, बहुतेक मी रडून चढले असणार. दर धक्क्याला आजी "आई गं" म्हणायची नाही, नुसता श्वास आत ओढायची, आणि आई दोन्ही हातांनी तिचं डोकं उचलून धरायची म्हणजे धक्का हातांना बसावा. कापडी टपातून पाणी आत येत होतं. गारगोटीला पोचल्यावर आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत बधिर झाले होते, तिला कपबशी धरता येईना. घरात नंतर कितीतरी वर्षं जीपची गोष्ट सांगितली जायची, जीपनं कसं काढलं त्या रात्री. आईच्या हातांची गोष्ट कुणी सांगितली नाही, आईनंही नाही.

कोल्हापूरहून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी वाडीत गेले. खरं तर विचारायला गेले होते आणि काय विचारायचं ते कळत नव्हतं. आक्का पडवीत कुळीथ निवडत होत्या. मी म्हटलं, गाडी घेतोय, दोन बघितल्यात, एकीला मागं बसायला सीट आहे पण चिखलात अडकेल, दुसरी अडकणार नाही पण तुम्हाला हौद्यातच बसायला लागेल, तुम्ही सांगा. त्यांना ते अवघड वाटलं, हसल्या. "आमचं काय वैनी, आम्ही कशातही बसू. तुम्हाला परवडेल ती घ्या." तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली, ती पण येते कामाला, तिनं कप ठेवता ठेवता सांगितलं की हौद्यात बसायचं असलं की ती सकाळी पाणी पीत नाही. धक्क्यानं लागते आणि बागेत सोय नाही. अकरा वाजता पहिल्यांदा पाणी पिते. आक्का तिच्याकडे बघून गप्प बसल्या, कुळथातला खडा शोधायला लागल्या. मी बागेत चार वर्षं हिशोब लिहितेय, पाण्याचे हंडे किती भरले तेसुद्धा वहीत असतं.

दुसरा हिशोब मला रात्री सुटेना तो हा, की कॅम्पर घेतली तरी सातजणी बसत नाहीत. ड्रायव्हर धरून पाच, आरसी बुकात तेवढीच. नवरा चालवणार, म्हणजे चौघी. मी गेले तर तिघी. उरलेल्या हौद्यात? मग कशाला घेतली? दोन खेपा करायच्या, चार आणि तीन, म्हणजे रोज आठ किलोमीटरचं जादा डिझेल आणि सकाळचा अर्धा तास. हौदा आखूड म्हणजे चाळीस क्रेट चार थरांत जाणार, लांब हौद्यात ते दोन थरांत बसले असते, खालच्या आंब्याला दाब कमी. प्रत्येक गोष्टीची किंमत दुसरीकडून निघत होती. नवऱ्याशी मी भांडले नाही, आम्ही तीन रात्री ओट्यावर बसून वहीत लिहीत होतो, आणि तिसऱ्या रात्री त्यानंच विचारलं, "घाटीलाच काँक्रीट केलं तर?" कॅम्पर पन्नास हजारांनी स्वस्त पडत होती. चाकोरीपुरतेच दोन पट्टे, दोन-दोन फूट रुंद, साठ फूट लांब, मधे माती तशीच ठेवायची. मी त्याच्याकडे बघतच राहिले. पांढऱ्या गाडीवर त्याचा किती जीव होता ते मला माहीत होतं.

काम दिवाळीनंतर झालं, नेपाळी पोरांनीच खडी वर नेली, पट्ट्यांवर पकड राहावी म्हणून ओल्यातच झाडूच्या हिरांनी आडव्या रेघा ओढल्या. पण साठच फूट. वरचा वीस फुटांचा तुकडा सामाईकातला, सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली पाच मुंबईत, आणि एका चुलत घराचं म्हणणं असं की आज काँक्रीट केलं तर उद्या वाटच आपली म्हणाल. तिथं अजून लाल माती आहे आणि तिथंच सगळ्यात जास्त चढ आहे. नवरा रोज त्या वीस फुटांकडे बघतो. हायवेला कुणाची फोर व्हील पिकअप दिसली की तिच्या पुढच्या चाकांकडे बघतो, मला ते कळतं, मी काही बोलत नाही.

पहिल्या दिवशी, तोड सुरू झाली तेव्हा, सहाला पारावर गाडी लावली. अजून उजाडायचं होतं, धुकं होतं, मोहोराचा तो तुरट वास होता आणि काच आतून धुरकटली होती. आक्का नेहमीसारख्या गाडीच्या मागं गेल्या आणि फाळक्याच्या कडीला हात घातला. नवरा खाली उतरला, मागचं दार उघडून म्हणाला, "आक्का, इकडं." त्या आल्या, दाराशी थांबल्या, चपला काढल्या, एकावर एक आपटून माती झाडली आणि हातात घेऊन आत बसल्या. मी म्हटलं घाला की पायात, तर "असूद्या" म्हणाल्या. शेजारी सून, तिच्या हातात पाण्याची बाटली, झाकण उघडलेलं. तिसरीनं हात बाहेर काढून दारावर ठेवला. त्या दिवशी मीही बरोबर होते, पुढं, म्हणून पहिल्या खेपेला तिघीच, चौघी दुसऱ्या खेपेसाठी पारावर थांबल्या आणि त्यांच्याकडे मला नीट बघवेना, पहिल्यांदा कुणाला न्यायचं हे कुणी ठरवलं होतं?

रात्री दव भरपूर पडलं होतं. काँक्रीटच्या पट्ट्यावरून गाडी सुरेख चढली, साठ फूट, आवाजसुद्धा बदलला नाही. मग पट्टे संपले आणि माती लागली. नवऱ्यानं पहिला टाकला. मागचं चाक एकदा घसरलं, पकड घेतली, परत घसरलं, आणि तो ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलून थांबला. गाडीत कुणी बोलत नव्हतं.

मागून आक्का म्हणाल्या, "वजन पाहिजे काय मागं? जाऊ?" आणि त्यांचा हात दाराच्या कडीवर होता.